पेढे राहून गेले

हौस कधी लागली ते माणसाला सांगता येते. ती कधी सुटली ते मात्र सांगता येत नाही. माझ्या प्रो कबड्डीच्या हौसेचे असेच झाले.

२०१४ च्या जुलैत ही स्पर्धा सुरू झाली, तेव्हा आम्हां सिन्नरकरांना कोण आनंद! जो हुतूतू आम्ही गोंदेश्वराच्या वाटेवरल्या मातीत गुडघे फोडून खेळलो, तो आता दिव्यांच्या झगमगाटात मॅटवर रंगत होता. ८ संघ, ६० सामने, पाचएक आठवडे. मी मुंबईच्या यू मुम्बाचा झालो. कर्णधार अनुप कुमार हरियाणाचा. पण बोनस रेषेपलीकडे त्याचा पाय अलगद टेकला की तो मला आमच्या आळीतलाच वाटे. पहिल्या वर्षी अंतिम सामन्यात जयपूरने आम्हांला हरविले, त्या रात्री मी जेवलो नाही. पुढल्या वर्षी आम्ही जिंकलो आणि मी शाळेत पेढे वाटले. मंडळी म्हणाली, "अहो, तुमची कादंबरी छापून आली, तेव्हा नाही वाटले ते!"

२०१७ साली संघ १२ झाले, सामने १३८ आणि मुक्काम तीन महिन्यांचा. घरी पाहुणासुद्धा इतका राहत नाही. पुढच्याच वर्षी अनुप कुमार जयपूरच्या पोशाखात दिसला. त्याच जयपूरच्या! टाळीसाठी उचललेला माझा हात तसाच राहिला.

त्याला बोल कसा लावावा? एके काळी बँकेतली नाही तर रेल्वेतली नोकरी, एवढाच कबड्डीपटूच्या पोटाला आधार. २०२३ च्या लिलावात पवन सेहरावतवर २ कोटी ६० लाख ५० हजारांची बोली लागली. मातीतल्या खेळाला एवढे मोल आले, याचा मास्तर म्हणून मला आनंदच आहे. ती जुनी ओढगस्त मला परत नको.

नवी नावे पाठ करण्याचाही मला कंटाळा नाही. दर जूनमध्ये साठ नवी नावे पाठ करणे हा तर माझा धंदाच. पण माझी मुले दहावी होऊन गेली, तरी दुसऱ्या शाळेकडून माझ्यावरच चढाई करायला येत नाहीत.

माझ्या चिरंजीवांना यात काहीच वावगे वाटत नाही. ते संघ धरीत नाहीत, खेळाडू धरतात. तो जिकडे, तिकडे ते. "बाबा, तुम्ही कोणाकडून?" असे ते विचारतात आणि मी "बघू या" म्हणतो.

१ मार्च २०२४ रोजी पुणेरी पलटणने हरियाणाला नमवून पहिले अजिंक्यपद मिळविले. कर्णधार होता अस्लम इनामदार. आमच्या शेजारच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला पोरगा. ज्याची मी इतकी वर्षे वाट पाहिली, तो हाच. सामना चालू असताना मी झोपलो होतो. सकाळी वर्तमानपत्रात बातमी वाचली, बरे वाटले. शनिवारची सकाळची शाळा होती. पेपर घडी करून ठेवला आणि निघालो. वाटेत हलवायाचे दुकान लागले; ते नुकतेच उघडत होते.