नमाज झाल्यावर कुठे?

माझ्या थोरल्या बहिणीचे, आपाचे, सासर श्रीरामपूरचे. काही वर्षांपूर्वी तिला लकवा मारला, उजवी बाजू गेली आणि मी उमापूरहून तिच्याकडे गेले. पंधरा दिवसांत परत येईन म्हणून दोन जोड कपडे घेतले होते. राहिले साडेचार महिने. त्या काळात शेजारच्या ख्रिस्ती वस्तीतला रविवार मी जवळून पाहिला आणि तेव्हापासून आपल्या जुम्याबद्दल एक विचार मनात घोळतो आहे. तो आज वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवते.

नगर जिल्ह्यात, विशेषतः श्रीरामपूर, राहाता, संगमनेर या भागांत, मराठी बोलणारे कॅथलिक ख्रिस्ती बरेच आहेत. बोलणे, भाकरी, कोरड्यास सगळे आपल्यासारखेच. श्रीरामपूरजवळच्या हरेगावात दर सप्टेंबरात मतमाउलीची यात्रा भरते. मतमाउली म्हणजे हजरत ईसा (अलैहिस्सलाम) यांच्या आई, बीबी मरियम. त्यांच्या नावाची एक पूर्ण सूरह कुरआन शरीफमध्ये आहे. अकीद्यात त्यांचे आणि आपले अंतर मोठे आहे. ईसा (अ.स.) आपल्यासाठी अल्लाहचे मोठे पैगंबर आहेत; ते त्यांना देवाचा पुत्र मानतात. हे अंतर मी लपवत नाही आणि त्या शेजारणींनीही कधी लपवले नाही. सांगायचे आहे ते वेगळेच.

रविवारच्या सामुदायिक उपासनेला ते मिस्सा म्हणतात. शेजारीण पायाने अधू होती. तिला सोबत म्हणून मी दोन-तीनदा चर्चपर्यंत गेले आणि बाहेरच्या ओट्यावर बसले. आतले सगळे कानावर येत होते, कारण सगळे मराठीत. पूर्वी ही उपासना लॅटिन भाषेत होई. १९६२ ते १९६५ या काळात रोममध्ये कॅथलिक धर्माधिकाऱ्यांची मोठी परिषद झाली, तिने लोकांच्या भाषेला वाट करून दिली. आधी बायबलमधले उतारे, मग फादरचे प्रवचन, आणि त्यानंतर सगळ्यांनी मिळून करायच्या विनवण्या. त्या विनवण्यांत मी नावे ऐकली. अमकी आजारी आहे, तमक्याचे ऑपरेशन आहे, या घरात मयत झाली. सगळी सभा त्यांच्यासाठी दुआ मागत होती. त्यांचे आटोपून लोक बाहेर येत, तेव्हा कोण झोपून आहे हे पाचशे माणसांना ठाऊक झालेले असे.

मिस्सा या शब्दाचा अर्थ मला तिथल्या एका शिक्षिकेने सांगितला. लॅटिन उपासनेच्या शेवटी फादर लोकांना निरोप देई, त्या वाक्यातला हा शब्द. त्याचा संबंध पाठवण्याशी. म्हणजे उपासनेला नाव मिळाले ते निरोपावरून! हे ऐकताच मला सूरह जुमुआ आठवली. अजान झाली की धंदा सोडून अल्लाहच्या स्मरणाकडे धावा, हे आपल्याला पाठ असते. पण पुढचा हुकूमही तिथेच आहे: नमाज पूर्ण झाली की जमिनीवर पसरा आणि अल्लाहचे फज्ल शोधा. दोन्हीकडे माणसाला घरी बसायला नव्हे, बाहेर पाठवले आहे. प्रश्न एवढाच की बाहेर पडून माणूस कुठे जातो?

त्या वस्तीतले काही लोक कुठे जात, ते मी आपाच्या खाटेजवळ बसून पाहिले. तिसऱ्या रविवारी दुपारी दोघी जणी आल्या. एक तीच शिक्षिका, दुसरी बाजारात भाजी विकणारी. सतरंजीवर बसल्या. आपाचा हात हातात घेऊन विचारले, "ताई, आज काय खाल्लं?" मग मला विचारले, औषधे किती दिवसांची उरली आहेत, रात्री कूस कोण बदलते, दुलाभाई वेळेवर जेवतात का. अर्ध्या तासात गेल्या. पुढच्या रविवारी त्याच दोघी आल्या आणि पहिले वाक्य असे होते: "मागच्या वेळी म्हणालात, गोळी खाल्ली की जळजळतं. डॉक्टरला सांगितलं का?"

नातेवाईक आमच्याकडेही आले होते. फळे आणली, डोळे पुसले, शिफाची दुआ केली. अल्लाह त्यांना जजा देवो. पण मागच्या आठवड्याचे बोलणे लक्षात ठेवून कुणी पुन्हा आले, असे त्या आजारात पहिल्यांदाच घडत होते. तिसऱ्या फेरीला त्यांनी संडासाला बसायची खुर्ची आणि पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी आणून दिली. नवी नव्हती. एका घरातला आजारी माणूस उठला किंवा देवाघरी गेला की ती पुढच्या घरी जाते. आमच्याकडून ती पुढे गेली तेव्हा आपा काठी धरून चालू लागली होती.

मी एकदा विचारले, आम्ही तर मुसलमान, आमच्याकडे कशा आलात? भाजीवाली बाई म्हणाली, "आमच्या यादीत गल्ली असते, धर्म नसतो."

या दोघी ज्या मंडळाच्या होत्या त्याचे नाव संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी. फ्रान्समध्ये पॅरिस शहरात १८३३ साली फ्रेडरिक ओझानाम नावाच्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने मित्रांसोबत ही सुरुवात केली. तुमचा धर्म आज गरिबांसाठी काय करतो, असा टोमणा त्यांना बाहेरच्यांनी मारला होता. त्यांनी वाद घालण्याऐवजी गरिबांची घरे गाठली. भारतात हे काम १८६३ साली आपल्या पुण्यातच सुरू झाले. पद्धत साधी आहे. ठरलेल्या दिवशी बैठक. जायचे ते दोघांनी मिळून. घरात जाऊन बसायचे, दारातून वस्तू देऊन परतायचे नाही. पाहिले-ऐकलेले बाहेर बोलायचे नाही. आणि बैठकीत एक पिशवी फिरते. प्रत्येक जण मूठ झाकून आत हात घालतो. कोणी किती टाकले, कोणी काहीच टाकले नाही, हे कोणालाच कळत नाही.

पिशवीची गोष्ट ऐकून माझ्या अंगावर काटा आला. कयामतच्या दिवशी अल्लाहच्या सावलीत जागा मिळणाऱ्या सात प्रकारच्या लोकांची हदीस आपण जाणतो. उजव्या हाताने दिलेले डाव्या हाताला कळू न देणारा त्यांत एक आहे. याच अर्थाची शिकवण त्यांच्या इंजीलमध्येही आहे. आपण ती हदीस खुतब्यात ऐकतो. त्यांनी त्या शिकवणीची पिशवी शिवली.

कॅथलिक मुलांना लहानपणी दयेची सात कामे शिकवतात. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, बेघराला आसरा, आजाऱ्याची आणि कैद्याची भेट, मयताचे दफन. पहिल्या सहांचा आधार इंजीलमधल्या एका वर्णनात आहे. निवाड्याच्या दिवशी विचारले जाईल की मी भुकेला होतो, आजारी होतो, तेव्हा तुम्ही काय केलेत? हे वाचताना मुसलमान माणूस थबकतो, कारण सहीह मुस्लिममधली हदीस-ए-कुदसी त्याच्या ओठांवर येते. अल्लाह बंद्याला विचारील की मी आजारी होतो, तू आला का नाहीस? बंदा म्हणेल, तू तर साऱ्या जगाचा पालनहार! आणि उत्तर मिळेल की माझा अमुक बंदा आजारी होता, तू त्याच्याकडे गेला असतास तर मी तिथे सापडलो असतो. जेवणाचे आणि पाण्याचेही असेच.

आता कोणी म्हणेल, ही सगळी धर्मांतराची वाट आहे. माझ्यापुरते सांगते: साडेचार महिन्यांत आमच्या घरात कोणी धर्माचा विषय काढला नाही. असरची वेळ झाली की त्या दोघी उठून सतरंजी मोकळी करून देत. खरे तर ही कसोटी आपल्यालाही लागू आहे. सूरह दहरमध्ये नेक लोकांची खूण दिली आहे. ते गरीब, अनाथ आणि कैद्याला जेवू घालतात, आणि त्यांना ना बदला हवा असतो, ना आभार. या मापाने प्रत्येकाने आपापले देणे मोजावे.

तहानलेल्याला पाणी, हे तर आपल्या बीडकडच्या माणसाला वेगळे सांगायला नको. टँकरच्या रांगेतले हंडे आपण पाहिलेत. हे एक काम किती मोठे होऊ शकते ते पाहायचे तर फादर हर्मन बाखर यांचे आयुष्य पाहावे. स्वित्झर्लंडचे हे जेझुइट धर्मगुरू १९४८ साली भारतात आले आणि नगर जिल्ह्यात त्यांनी हयात घालवली. दुष्काळी गावाला धान्य वाटून दुष्काळ जात नाही, पाणी जमिनीत मुरले तर जातो, हे त्यांनी ओळखले. माथ्यापासून पायथ्यापर्यंत चर, बांध, झाडे. त्यात गावानेही श्रमदान करायचे, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळायची. या कामासाठी १९९३ साली 'वॉटर' ही संस्था उभी राहिली. संगमनेर तालुक्यातले दरेवाडी गाव या कामाने नावारूपाला आले. विहिरीला पाणी आले ते कोणाची जात किंवा धर्म विचारून नव्हे.

आपल्या दीनमध्ये हे नाही असे कोण म्हणेल? हजरत उमर (रजि.) रात्री मदिन्यात फिरत आणि उपाशी लेकरांच्या आईसाठी पिठाचे पोते स्वतःच्या पाठीवर नेत, ही गोष्ट आपण मुलांना सांगतो. जकात फर्ज आहे, फितरा आहे, सदका आहे. मयतीत तर आपला समाज उणा पडत नाही. गुसल, कफन, कबर, चार तासांत शंभर माणसे उभी राहतात. सातवे काम आपल्याला येते. उणीव दिसते ती त्याच्या आधीच्या सहांत, आणि तीही मनाच्या कोतेपणाची नव्हे, बांधणीची. जकात बहुतेक रमजानमध्ये निघते. भूक बाराही महिने असते. जुम्याला गावातला जवळजवळ प्रत्येक मुसलमान पुरुष एका छताखाली येतो. एवढी मोठी सभा दर आठवड्याला, फुकट, न बोलावता. ती दहा मिनिटांत पांगते, आणि कोण आले नाही, का आले नाही, हे विचारण्याचे काम कोणाकडेच सोपवलेले नसते.

आमच्या उमापूरसारख्या गावात या प्रश्नाला फार अर्थ आहे. गेवराई तालुक्यातून दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. कोयता, पत्र्याची पेटी, तान्ही मुले घेऊन जोडपी पाच-सहा महिने कारखान्यांवर जातात. मागे राहतात म्हातारी माणसे आणि शाळेतली नातवंडे. यांत आपलेही आहेत आणि हिंदू शेजारीही. शेजाऱ्याच्या हक्काबद्दल जिब्रील (अ.स.) यांनी इतकी ताकीद केली की शेजारी वारसदारच ठरतो की काय, असे प्यारे नबी (स.) यांना वाटू लागले होते. त्या ताकिदीत शेजाऱ्याची जात लिहिलेली नाही.

श्रीरामपूरहून परतल्यावर मी हे सगळे आमच्या मोहल्ल्यातल्या तीन जणींना सांगितले. जुम्याला आम्ही बायका घरीच असतो, तेव्हा वेळही आमच्याकडेच. असरनंतर दोघी-दोघींनी निघायचे ठरले. अकरा घरे. एक कापडी पिशवी आणि एक वही. वहीत देणाऱ्याचे नाव नाही, फक्त घर आणि काम. "औषध मंगळवारी संपते." "चष्म्याची काडी तुटली." "हयातीचा दाखला द्यायचा आहे, सोबत हवी."

दुसऱ्याच महिन्यात वही कशाला हवी ते कळले. एका खालांचे बोट रेशनच्या मशीनवर उमटत नव्हते. आयुष्यभर खुरपणी केलेल्या हाताच्या रेषाच झिजल्या होत्या. दोन महिने धान्य नाही. लेक-सून उसाला गेलेली. त्या एक वेळ खात आणि नातवाला दोन वेळ घालत. कोणाला सांगितले नाही, कारण मागायची सवय नव्हती. आम्ही पहिल्या फेरीला गेलो तेव्हाही, "सब ठीक है बेटा," म्हणाल्या. तिसऱ्या फेरीला बोलल्या. एकदाच जाणाऱ्याला हे कळले नसते. मोहल्ल्यातला एक शिकलेला मुलगा त्यांना घेऊन दोनदा तालुक्याला गेला, आधार नव्याने करून आणले आणि धान्य सुरू झाले. खर्च किती? एसटीचे भाडे आणि दोन दिवस.

मग आम्ही इमामसाहेबांना विनंती केली. आता जुम्याच्या दुआत ते त्या आठवड्यातल्या आजाऱ्यांसाठी, घरच्यांची हरकत नसेल तर नाव घेऊन, दुआ करतात. गरजूंची नावे मात्र घेत नाहीत; ती वहीतच राहतात. नमाज सुटल्यावर दोन-चार तरुण थांबतात आणि विचारतात, कुठे जायचे आहे? कुणाला दवाखान्यात न्यायचे असते, कुणाचे पत्रे उडालेले असतात. काम छोटे आहे, पण जुम्यागणिक चालते.

सूरह माऊनमध्ये नमाज पढूनही ज्यांची नमाज त्यांच्या उपयोगी पडत नाही अशा लोकांचे वर्णन आहे, आणि त्यांची एक खूण म्हणजे ते शेजाऱ्याला लागणारी साधी वस्तूही अडवून धरतात. वाचक भगिनींनो, तुमच्या मोहल्ल्यातही अकरा घरे असतील. पिशवी जुन्या ओढणीची शिवता येते, वही दहा रुपयांना मिळते आणि जुमा तर दर आठवड्याला येतोच. अल्लाह आपल्या सर्वांना तौफीक देवो. आमीन.