एफ-सिक्स

झॉम्बी म्हटलं की आमच्या घरी हशा पिकतो. "एवढा शिकलास आणि मेलेली माणसं चालतायत असलं वाचतोस?" हा बाबांचा ठरलेला डायलॉग. त्यांचंही बरोबरच आहे म्हणा. पण मॅक्स ब्रूक्सचं 'वर्ल्ड वॉर झी' (२००६) मी आजवर चार वेळा वाचलंय आणि चारही वेळा पटलंय.

मेलेले उठतात, ही एकच थाप ब्रूक्स मारतो. तेवढी पचवली की बाकीचं सगळं ओळखीचं वाटतं. युद्ध संपलंय आणि एक माणूस जगभर फिरून वाचलेल्यांच्या मुलाखती घेतोय, एवढंच कथानक. स्टड्स टर्केलने दुसऱ्या महायुद्धावर 'द गुड वॉर' (१९८४) केलं, तोच साचा. साथ चीनमध्ये सुरू होते आणि ती दडपली जाते. कुणीतरी बिनकामाची लस विकून गब्बर होतो. यॉंकर्सला अमेरिकेचं अद्ययावत सैन्य कॅमेऱ्यांसमोर हरतं, कारण समोरच्याला भीती नावाची गोष्टच ठाऊक नसते. आपल्या गुजरातेतलं अलंगसुद्धा आहे. तिथे तोडायला आलेल्या जहाजांवर चढायला लोक जिवाचा आटापिटा करतात. (ब्रॅड पिटचा २०१३ चा सिनेमा बघून मत बनवू नका. तो वेगळाच प्रकार आहे.)

पण मला छळणारं प्रकरण यातलं नाही. पुन्हा उभं राहायचं म्हणून अमेरिकन सरकार माणसांची कामानुसार प्रतवारी करतं. कन्सल्टंट, एक्झिक्युटिव्ह वगैरे मंडळी निघतात 'एफ-सिक्स', म्हणजे सध्या ज्याचा काही उपयोग नाही असा माणूस. त्यांना हातानं काम करायला शिकवायला येतात ते गवंडी, सुतार, घरकाम करणाऱ्या बायका. पहिल्यांदा वाचताना मी मनापासून हसलो होतो.

मग २०२० चा एप्रिल आला. लॉकडाऊनमध्ये आमच्या सोसायटीची पाण्याची मोटर बंद पडली. प्लंबर गावी गेलेला, इलेक्ट्रिशियन येऊ शकत नव्हता. आम्ही तमाम आयटीवाल्यांनी काय केलं? कुणाला किती बादल्या, याची एक्सेल शीट बनवली. रंगीबिरंगी, फॉर्म्युल्यांसकट!

बाबा चौतीस वर्षं कारखान्यात फिटर होते. त्यांनी तोंडाला रुमाल बांधला, मेन स्विच बंद केला आणि स्टार्टर उघडला. कॉन्टॅक्ट जळून काळे पडले होते. पॉलिश पेपरने घासले, जोडले, आणि मोटर सुरू. माझं काम बॅटरी धरायचं.

"उजेड माझ्या हातावर मार रे, तोंडावर काय मारतोस!"

तेही मला नीट जमत नव्हतं. हेच हात काळे होऊ नयेत म्हणून या माणसाने ओव्हरटाइम करकरून माझी इंजिनीअरिंगची फी भरली होती. आणि मी मात्र कॉलेजात असताना 'वडील काय करतात?' या प्रश्नावर 'कंपनीत आहेत' एवढंच सांगायचो. फिटर हा शब्द कधी तोंडातून निघाला नाही.

त्या रात्री मी त्यांना एफ-सिक्सचं सगळं प्रकरण मराठीत सांगितलं. झॉम्बी असूनही त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "फिटरला कुठला ग्रेड दिलाय?"

"वरचा, बाबा. एकदम वरचा."

"मग पुस्तक बरं दिसतंय," म्हणाले आणि झोपायला गेले.