लुकमा

कोल्हारात आमचा टांगा होता. स्टँडवरून लोणीकडे सवाऱ्या न्यायच्या, त्यावर घर चालायचं. एका पावसाळ्यानंतर घोडीला ताप भरला. उतरला, पुन्हा चढला. पायांवर, पोटाखाली सूज आली. दाणा खाऊनही ती झिजतच गेली. रक्त तपासेपर्यंत उशीर झाला होता. ढोरांचे डॉक्टर म्हणाले, सर्रा. अम्मी म्हणाली, नजर लागली. घोडी गेली, टांगा विकला आणि अब्बा हमालीला लागले.

नजर नव्हती. घोडमाशी एका जनावराचं रक्त पिता पिता उडते, दुसऱ्याला चावते आणि ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी हा एकपेशी जंतू त्याच्या अंगात सोडते. १८८० साली ग्रिफिथ इव्हान्सनं डेरा इस्माईल खानात घोड्या-उंटांच्या रक्तात तो पाहिला होता.

पुढे आम्ही या जंतूच्या घराण्याविषयी वाचत गेलो. त्याच्या मायटोकॉन्ड्रियातल्या काही जनुकांचा मजकूर मुळातच अपुरा असतो. आरएनएची नक्कल निघते तीही अपुरी. मग युरिडिन हे अक्षर कुठं घालायचं, कुठं गाळायचं, हे छोटे मार्गदर्शक आरएनए सांगतात. १९८६ साली ॲमस्टरडॅममध्ये रॉब बेन आणि सहकाऱ्यांना ही दुरुस्ती प्रथम दिसली. तरावीहमध्ये हाफिजसाहेब अडखळले की मागचा सामे लुकमा देतो, तसं. तुलना ताणायची नाही. तिथं अस्सल पाठ सलामत असतो, इथं अस्सलच तुटकं. शिवाय नुसत्या लुकम्यानं भागत नाही. एक प्रथिन धागा कापतं, दुसरं युरिडिन जोडतं, तिसरं टोकं सांधतं. कोणत्या अवस्थेत कोणती नक्कल पुरी करायची, यातही प्रथिनांचा हात असतो. २००१ साली आफ्रिकेतल्या निद्रारोगाच्या जंतूच्या जातीत सांधणारं एक प्रथिन बंद पाडलं, तर जंतू जगेना. माणसाच्या पेशीत ही यंत्रणा नाही. आम्ही हरखलो, औषधाला जागा सापडली!

पण आमच्या घोडीचा जंतू तिथंच निसटतो. दुरुस्त करायचा मूळ मजकूरच त्यानं गमावलाय. एटीपी सिंथेजमध्ये एक बदल झाला आणि रक्तात जगायला त्याला दुरुस्त नकलांची गरज उरली नाही. त्सेत्से माशीच्या पोटात तो वाढू शकत नाही, पण आपल्याकडची चावरी माशी त्याला पुरते. असा डीएनए गमावलेल्या त्याच्या भाऊबंदांत दुरुस्ती करणारी प्रथिनं मात्र चालू स्थितीत सापडली, २००३ साली. पाठ गेला, सामे उभेच.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या जनावरं पाळणाऱ्या एका शेतकऱ्याच्या रक्तात २००४ साली हाच जंतू निघाला. माणसाला यापासून वाचवणारं एपीओएल१ हे प्रथिन त्याच्या रक्तात नव्हतं. जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या होत्या. सुरामिननं तो बरा झाला. हे औषध पहिल्या महायुद्धाच्या काळातलं.

अब्बांना हे सगळं सांगितलं. नीट ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाले, "वो सब ठीक है. घोडी को क्या देते?"

क्विनापायरामिनचं जुनंच इंजेक्शन, आम्ही म्हणालो. वेळेवर दिलं तर.