सतराचे काय झाले?

संख्या खरोखर अस्तित्वात असतात की माणसाने त्या सोयीसाठी कल्पिलेल्या असतात, हा तत्त्वज्ञानातील जुना वाद असला, तरी पनवेलकर त्याचा निकाल पाळण्यापासून पेन्शनपर्यंत आपल्या मतलबाप्रमाणे लावत आलेला आहे. जुन्या पिढीतील मुलांना पावकी, निमकी आणि अडीचकी, म्हणजे पाव, अर्धा व अडीच यांचे पाढे, घोकावे लागत असल्याने अपूर्णांक त्यांना पूर्णांकांइतकेच खरे वाटत. उलट तीन हा सरळ पूर्णांक असूनही जेवणाच्या पानात त्याला मज्जाव असे, कारण तिसरी पोळी वाढणे अशुभ मानले जाई आणि तिचा तुकडा मोडून वाढला की शास्त्राचे आणि भुकेचे एकदमच समाधान होई. आहेराच्या पाकिटातही १०१ असतात, १०० नसतात.

शून्याहून लहान अशा ऋण संख्यांचे नियम ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये सांगितले होते. तरीही बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी ‘बीजगणिता’त माकडांच्या कळपाचे जे उदाहरण घातले, त्यात त्यांची पंचाईत झालीच. कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून उरलेल्याचा वर्ग गुहेत गेला आणि एक माकड बाहेर दिसले, तर एकूण माकडे किती, या प्रश्नाला ५० आणि ५ अशी दोन उत्तरे येतात. पण पाचाचा पाचवा भाग एक आणि त्यातून तीन गेले की उणे दोन माकडे उरतात, आणि असली माकडे लोकांना पटत नाहीत, म्हणून आचार्यांनी दुसरे उत्तर नाकारले. नवीन पनवेलमध्ये कर्ज काढून सदनिका घेतलेल्या गृहस्थाला मात्र ऋण संख्येच्या अस्तित्वाविषयी दर महिन्याच्या हप्त्याला खात्री पटते.

सर्वांत विलक्षण कथा सतराची आहे. पनवेलहून कोकणात उतरणारा राष्ट्रीय महामार्ग कित्येक दशके १७ क्रमांकाचा होता. २०१० च्या फेररचनेत दक्षिणोत्तर महामार्गांना सम आणि पूर्वपश्चिम महामार्गांना विषम क्रमांक द्यायचे ठरले, त्यातही सम क्रमांक पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत न्यायचे असल्याने किनाऱ्यालगतच्या या रस्त्याच्या वाट्याला ६६ आले, आणि रस्त्यातला एक खड्डाही न हलता १७ बंगाल-आसामात निघून गेले. पुण्याकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्याचे ४ असेच ४८ झाले आणि ते ४ आता अंदमानात नांदते. लोकांचे काहीच अडले नाही, कारण त्यांच्या लेखी एक ‘गोवा हायवे’ होता, दुसरा ‘जुना पुणे हायवे’, आणि क्रमांक फक्त फलकावर होते.

देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांनी कोणत्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून जी तयार होत नाही, त्या संख्येला स्वयंभू मानले. वीस ही अशी संख्या आहे. या कसोटीवर ६६ हे ६० पासून, ४८ हे ४२ पासून आणि पनवेलच्या वाहनांवरचे ४६ हे ४१ पासून जन्मलेले ठरते, गेलेले १७ सुद्धा १३ चे अपत्य निघते. पनवेलकराला स्वयंभूच हवे असेल, तर त्याने पालीच्या बल्लाळेश्वराला जावे. वाकण फाट्यापर्यंत रस्ता ६६ चाच आहे.