जिन्याखालचा कॅबिनेट

रुक्मिणीनगर, अमरावती
१२ नोव्हेंबर २०२५

चि. सोनू,

दिवाळीत व्हिडिओ कॉलवर तुला जिन्याखाली तुझ्या इंजिनिअरिंगच्या दिवसांतल्या संगणकाचा काळा कॅबिनेट दिसला आणि तू विचारलंस, "आत्या, हा अजून भंगारात गेला नाही?" मी काही बोलायच्या आत आजीच म्हणाली, "तुही आत्या त्याले बंदच करू देत नाही, बापा. दिवसरात्र चालूच असते." बाकीची मंडळी फोन ओढायला बसली होती, त्यामुळे सांगणं राहून गेलं. आज निवांत लिहिते.

तो आता आपल्या घराचा राउटर आहे. फायबरची लाइन भिंतीवरच्या छोट्या डबीतून निघते ती आधी तुझ्या कॅबिनेटमध्ये शिरते. घरातले फोन, टीव्ही, माझा लॅपटॉप, गेटवरचा कॅमेरा, सगळ्यांची बाहेरची ये-जा त्याच्यातून होते. कंपनीनं दिलेला वायफायचा डबाही आहे, पण त्याच्याकडे आता फक्त हवेतून सिग्नल देण्याचं काम ठेवलंय.

बडनेऱ्याच्या कॉलेजात तुझा प्रवेश झाला तेव्हा, २०१४ मध्ये, आपण तो जोडून घेतला होता. चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह, आठ जीबी रॅम. तू पुण्याला लॅपटॉप घेऊन गेलास आणि तो माझ्याकडे चादरीखाली राहिला. ऑक्टोबर २०२१ मध्ये विंडोज ११ आलं. त्याला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर हवा आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय हवी. तुझं यंत्र दोन्ही अटींत बसत नव्हतं. गेल्या महिन्यात, १४ ऑक्टोबरला, विंडोज १० चे नेहमीचे अपडेटही बंद झाले. म्हणजे कागदोपत्री ते मेलंच. पण त्याचा एकही भाग बिघडलेला नव्हता. पॉलिटेक्निकात इलेक्ट्रॉनिक्स शिकवण्यात माझा जन्म गेला. चालत असलेलं यंत्र केवळ एका कंपनीच्या यादीत नाही म्हणून फेकून द्यायचं, हे मला पटत नाही.

राउटर म्हणजे कोपऱ्यातला दोन अँटेनांचा डबा, असं आता सगळ्यांना वाटतं. पण मुळात राउटर हा संगणकच. १९६९ मध्ये अर्पानेट सुरू झालं तेव्हा कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस केंद्रात पहिला आयएमपी, म्हणजे राउटरचा पूर्वज, बसला. तो होता हनीवेलचा डीडीपी-५१६, म्हणजे बाजारात मिळणारा मिनी कॉम्प्युटर. आकार फ्रिजएवढा, काम एका वाटेनं आलेला निरोप दुसऱ्या वाटेनं पुढे लावून देणं. पुढे १९८६ मध्ये अमेरिकेतली महासंगणक केंद्रं एनएसएफनेटनं जोडली, तेव्हा तिथेही डेक कंपनीचे एलएसआय-११ संगणक ठेवले होते. डेव्हिड मिल्स यांनी त्यांच्यासाठी लिहिलेल्या सॉफ्टवेअरचं नाव फझबॉल. देशभरच्या जाळ्याचा तो कणा ५६ केबीपीएसचा होता! आणि आजच्या डब्यांचं म्हणशील तर लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी-५४जी या निळ्या राउटरच्या आत चक्क लिनक्स आहे, हे २००३ मध्ये लोकांनी शोधून काढलं. लिनक्सच्या परवान्यानुसार कंपनीला त्याचा सोर्स कोड खुला करावा लागला आणि त्यातून २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरचं खुलं सॉफ्टवेअर उभं राहिलं. तेव्हा तुझ्या कॅबिनेटला मी कुठलं परकं काम दिलेलं नाही. त्याच्या पूर्वजांचंच आहे.

त्यावर ओपीएनसेन्स हे राउटरचं सॉफ्टवेअर घातलंय. ते तू राहतोस त्या नेदरलँड्समधलंच. मिडलहार्निस गावातल्या डेसिसो कंपनीनं जानेवारी २०१५ मध्ये ते बाहेर काढलं, फ्रीबीएसडीच्या पायावर. त्याची वंशावळ पीएफसेन्समधून मोनोवॉलपर्यंत जाते. मोनोवॉल हे स्वित्झर्लंडच्या मान्युएल कास्पर यांचं काम. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांनी ते थांबवलं आणि आपल्या वापरकर्त्यांना ओपीएनसेन्सकडे जायला सांगितलं. स्वतःचं बारा वर्षांचं काम असं हाताला धरून दुसऱ्याच्या घरी पोचवून देणारी माणसं मला फार मोठी वाटतात.

आता हे सगळं करायची गरज का पडली ते सांगते. २०२२ चा उन्हाळा आठव. आजी तेव्हा गुडघ्याच्या त्रासानं अकोल्याच्या जठारपेठेतल्या घराबाहेर पडत नव्हती. रोज संध्याकाळी मी तिला व्हिडिओ कॉल करायचे. माझ्या लाइनचा वेग १०० एमबीपीएस, कॉलला लागतात जेमतेम दोन. तरी इकडे कुणी मोबाइलमधले फोटो वर चढवायला घेतले की आजीचा चेहरा थिजायचा आणि आवाज तुटायचा. कंपनीच्या माणसानं दोनदा डबा बदलून दिला आणि मग जास्त वेगाचा प्लॅन घ्यायला सांगितलं. पण दोष वेगात नव्हता. दोष रांगेत होता.

कापूस एकाधिकार खरेदीच्या दिवसांत केंद्राबाहेर गाड्यांची रांग लागायची, ती तुझ्या बाबांनी पाहिली आहे. केंद्राचं आवार जेवढं मोठं, तेवढ्या जास्त गाड्या आत शिरून उभ्या राहायच्या. काट्यावर मात्र एका वेळी एकच. त्या रांगेच्या शेवटी एखादा पोरगा नुसता जेवणाचा डबा घेऊन सायकलवर आला, तर त्यालाही पुढच्या सगळ्या गाड्या मोजून होईपर्यंत थांबायचं. राउटरच्या आत हेच होतं. मेमरी स्वस्त झाली म्हणून कंपन्यांनी डब्यांत माहिती थोपवून ठेवायचे मोठमोठे बफर ठेवले. फोटोंची हजारो पॅकेटं, म्हणजे माहितीचे तुकडे, त्यांत ठाण मांडून बसतात आणि आजीच्या आवाजाचं चिमुकलं पॅकेट त्यांच्यामागे अडकतं. वेग मोजला तर पूर्ण दिसतो, पण उशीर पाच-दहा मिलिसेकंदांवरून अर्ध्या सेकंदावर जातो. जिम गेटिस यांना २०१० मध्ये स्वतःच्या घरी मोठी फाइल पाठवताना हे दिसलं आणि ते या दुखण्याच्या मागे लागले. बफरब्लोट हे नाव त्यांनीच रूढ केलं.

रांगेचं दुखणं तसं जुनं. ऑक्टोबर १९८६ मध्ये बर्कलेतल्या लॉरेन्स प्रयोगशाळेपासून विद्यापीठापर्यंतच्या जेमतेम चारशे यार्डांच्या वाटेवर वेग ३२ हजार बिटांवरून सेकंदाला ४० बिटांवर कोसळला होता. व्हॅन जेकबसन यांनी त्याचा छडा लावला आणि गर्दी दिसली की पाठवणाऱ्यानंच हात आखडता घ्यायचा, ही शिस्त टीसीपीत आणली. त्याच जेकबसन यांनी २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स यांच्याबरोबर कोडेल लिहिलं. ते रांगेची लांबी बघत नाही. पॅकेट किती वेळ ताटकळलं ते बघतं. पाच मिलिसेकंदांपेक्षा जास्त वाट पाहणं थोडा वेळ चालूच राहिलं, की ते एखादं पॅकेट टाकून देतं आणि पाठवणारा आपोआप दमानं घेतो. एरिक डुमाझे यांनी त्याला स्वतंत्र रांगांची जोड दिली, ते एफक्यू-कोडेल. त्यात प्रत्येक संवादाची रांग वेगळी, आणि नुकत्याच आलेल्या हलक्या रांगेला आधी वाट. सायकलवाल्या पोराला कुणी अडवत नाही. हे घरोघरच्या राउटरपर्यंत पोचावं म्हणून डेव्ह टाट नावाचा माणूस वर्षानुवर्षं झटला. तो या एप्रिलमध्ये गेला. आजीचा तुटणारा आवाज ज्यांच्यामुळे सलग झाला त्यांत तो आहे, म्हणून त्याचं नाव तुला सांगावंसं वाटलं.

तुझ्या कॅबिनेटवर मी लाइन ९२ एमबीपीएसला बांधून ठेवली आहे. आठ सोडून दिले, कारण रांग कंपनीच्या डब्यात न लागता आपल्या यंत्रात लागली पाहिजे. रांग जिथे लागते तिथेच तिला शिस्त लावता येते. त्या दिवसापासून फोटो चढत असतात आणि आजी बोलत असते.

यंत्र तयार करायला फार काही लागलं नाही. आतली धूळ काढली, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट बदलली, हार्ड डिस्कच्या जागी लहानशी एसएसडी टाकली. मदरबोर्डला नेटवर्कचा एकच पोर्ट आणि राउटरला किमान दोन हवेत, म्हणून इंटेलचं दोन पोर्टांचं जुनं कार्ड घेतलं. फ्रीबीएसडीचं इंटेलच्या कार्डाशी चांगलं जमतं. बायोसमध्ये, लाइट आली की यंत्र आपोआप सुरू व्हावं, अशी खूण असते, ती केली. मदरबोर्डवरचा बटणाएवढा सेलही नवा घातला. वऱ्हाडात ही दोन कामं सर्वांत महत्त्वाची. लाइट जाते; इन्व्हर्टर दमला की यंत्र बंद पडतं आणि सेल मेलेला असेल तर घड्याळ मागच्या कुठल्यातरी वर्षात जातं. मग प्रमाणपत्रांच्या तारखा जुळत नाहीत आणि सगळं ठीक असून काहीच चालत नाही.

विजेचं तू विचारणारच. ग्राफिक्स कार्ड काढल्यावर ते साधारण ३० वॅट घेतं. महिन्याला साडेएकवीस युनिट. छोटा डबा दहा वॅटचा धरला तर सात युनिट. हा फरक खरा आहे आणि तो मी भरते. त्याच्या बदल्यात लाइनला शिस्त आहे, वर्षानुवर्षं अपडेट मिळतात आणि घराच्या दारावर काय चाललंय ते मला दिसतं. पेंटियम फोरच्या काळातलं यंत्र असतं तर मी स्वतःच भंगारात, म्हणजे ई-कचरा घेणाऱ्यांकडे, दिलं असतं. तसली यंत्रं काही न करता नुसती चालू राहूनच शंभर वॅटच्या घरात खातात. आणि अकोल्याच्या घरी मी छोटाच डबा ठेवलाय, ओपनडब्ल्यूआरटीचा. तिथे तीनच माणसं, तेवढं पुरतं.

त्या दोन घरांमध्ये एक बोगदाही आहे. २०२२ च्या जूनमध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज विक्रम झाला, तेव्हा गावभर तीच चर्चा होती. त्याच महिन्यात मी आपला हा दुसरा रस्ता केला, वायरगार्ड या सॉफ्टवेअरचा. त्यात दोन्ही घरांची यंत्रं एकमेकांची पब्लिक की ओळखतात आणि मधलं सगळं बोलणं कुलूपबंद जातं. अडचण पत्त्याची होती. आयपीव्ही४ चे पत्ते सगळे मिळून चार अब्जांच्या वर थोडेच. आशियाच्या वाट्याचे २०११ मध्येच संपत आले. त्यामुळे कंपन्या अनेक घरांना एकाच पत्त्यामागे बसवतात आणि बाहेरून कुणाला आपलं दार सापडत नाही. पण दोन्हीकडे आयपीव्ही६ मिळतं आणि त्यात प्रत्येक घराला स्वतःचे पत्ते आहेत. बोगदा त्यावरून नेला.

त्यातून काय जातं? अकोल्याच्या दारावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण जातं. ते कुठल्या परदेशी कंपनीच्या साठवणीत न जाता माझ्याकडच्या डिस्कवर उतरतं. आणि आजोबांच्या कॅसेट. गुरुदेव सेवा मंडळाच्या प्रार्थनेनंतर ते खंजिरीवर भजनं म्हणायचे, मोझरीला पुण्यतिथी महोत्सवालाही जायचे. त्या कॅसेटची फीत झिजत चालली होती. मी त्या संगणकावर उतरवून घेतल्या आणि आजी त्या जठारपेठेत बसून रोज पहाटे ऐकते. यंत्र बंद करू देत नाही म्हणून ती माझ्यावर रागावते ना, त्या यंत्रातूनच आजोबांचा आवाज तिच्याकडे येतो. हे तिला मी अनेकदा सांगितलंय. ती म्हणते, "असं व्हय काय," आणि पुन्हा विसरते.

एक काम मी मुद्दाम केलंय. सगळी मांडणी एका वहीत मराठीत लिहून ठेवली आहे: कोणती वायर कुठे, पासवर्डाचं पाकीट कुठे, कॉन्फिगरेशनची फाइल कोणत्या पेनड्राइव्हवर, बंद पडलं तर कंपनीचा डबा थेट कसा जोडायचा. तुझ्या आईनं ती वही समोर ठेवून, मी मुंबईला असताना, एकदा सगळं पुन्हा उभं केलं. घराचं दार घरातल्या एकाच माणसाला उघडता यावं, ही व्यवस्था मला मान्य नाही.

आता तुझं काम. तुझ्या लॅपटॉपवर वायरगार्ड टाक आणि किल्ल्यांची जोडी तयार कर. पब्लिक की मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलीस तरी चालेल, ती उघडीच असते. प्रायव्हेट की तुझ्या यंत्राबाहेर जाऊ देऊ नकोस, मलासुद्धा पाठवू नकोस. मी तुला आतला पत्ता देईन आणि कॅसेटच्या फोल्डरची परवानगी. कॅमेऱ्याची देणार नाही, त्याची तुला गरज नाही. नऊ नंबरच्या कॅसेटमध्ये तू तीन वर्षांचा असताना मध्येच खंजिरी वाजवली आहेस, ती आधी ऐक. रविवारी मी दुपारभर घरी आहे. तुमच्याकडे सकाळ असेल, तेव्हा बसून जोडून टाकू.

थंडी सुरू झाली असेल, सायकल जपून चालव.

तुझी,
आत्या