सहप्रवासी

मराठी प्रवासवर्णनांत एक पात्र बहुधा उपेक्षित राहते. ते पात्र म्हणजे सहप्रवासी. १८५७ साली वरसईच्या विष्णुभट गोडशांनी उत्तरेची वाट धरली, तेव्हा त्यांच्याबरोबर त्यांचे काका रामभट होते. झाशीच्या वेढ्यातील प्राणसंकटही दोघांनी मिळूनच सोसले. पुढे १९०७ साली हा वृत्तांत ग्रंथरूपाने आला, तो मात्र ‘माझा प्रवास’ या नावाने. काकांच्या डोळ्यांना जे दिसले असेल ते काकांबरोबरच गेले.

दोघांनी केलेला प्रवास दोघांनीही लिहून ठेवावा, असा योग विरळाच. स्कॉटलंडच्या वाट्याला तो आला. ऑगस्ट १७७३ मध्ये त्रेसष्ट वर्षांचे डॉ. सॅम्युअल जॉन्सन आणि बत्तीस वर्षांचे जेम्स बॉस्वेल एडिंबरोहून निघाले आणि पश्चिमेकडील बेटे पाहून नोव्हेंबरात परतले. जॉन्सनचे पुस्तक १७७५ साली आले, बॉस्वेलचे १७८५ साली. जॉन्सन भूमी पाहतो, तीवरील माणसांची स्थिती पाहतो. बॉस्वेल प्रामुख्याने जॉन्सनला पाहतो. वाट एकच, प्रवास मात्र दोन. या प्रवासात १ सप्टेंबरला एक विलक्षण प्रसंग घडला. ग्लेनेलगच्या वाटेवर दिवस मावळत असताना, मुक्कामाची सोय आधी जाऊन पाहावी म्हणून बॉस्वेलने घोडा पुढे काढला. जॉन्सनने ओरडून त्याला परत बोलावले आणि तो इतका संतापला की दोघांचा कायमचा वियोग होण्याची वेळ आली. कारण क्षुल्लक वाटते. पण वृद्धाचा राग समजण्यासारखा आहे. अनोळखी डोंगरात, काळोख दाटत असताना, सोबत्याने पुढे निघून जाणे हा केवळ शिष्टाचाराचा भंग नव्हे. तो सोबतीचाच भंग होय.

याच वाटेने, दोनशे वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर, भिलाईच्या सेक्टर २ मधील दोन निवृत्त गृहस्थ गेले. एक मूळचे भंडाऱ्याकडचे मराठी, दुसरे छत्तीसगढी. पोलाद कारखान्याने दिलेल्या क्वार्टरांत दोघांची भिंत तीस वर्षे एक होती. रात्रपाळीहून परतताना एकाच्या सायकलची घंटा दुसऱ्याच्या घरात ऐकू येई. छत्तीसगढात मितान बदण्याची रीत आहे. रक्ताचे नाते नसलेल्या दोघांनी विधिपूर्वक मैत्र जोडावयाचे आणि ते दोन्ही घरांनी पाळावयाचे; जात आणि भाषा त्याआड येत नाहीत. एकदा मितान झाले की परस्परांचे नाव घ्यावयाचे नाही, ‘महाप्रसाद’ म्हणून हाक मारावयाची. हे दोघे असे मितान होते. तेव्हा त्यांची नावे येथेही न घेणे रीतीला धरूनच होईल.

मराठी गृहस्थांचा मुलगा ग्लासगोला नोकरीस होता. त्याने आईवडिलांना बोलावण्याचे योजले होते. परंतु आई त्याआधीच वारली. तिच्या जागी वडिलांनी आपल्या मितानांना बरोबर नेले. सप्टेंबरचे अखेरचे दिवस होते. लॉख लोमंडच्या काठाने, रॅनॉखच्या ओसाड पठारावरून, ग्लेन कोच्या दरीतून त्यांची बस गेली. हेदरचा जांभळा बहर सरला होता, नेचे तांबूस झाले होते आणि डोंगरांच्या माथ्यावरून ढगांच्या सावल्या संथपणे सरकत होत्या. मराठी गृहस्थ हरखून गेले. मैलोगणती माणूस नाही, घर नाही, केवळ डोंगर, पाणी आणि आकाश! भट्टीच्या धगीत आणि भोंग्याच्या तालावर आयुष्य गेलेल्या माणसाला ही निर्जनता म्हणजे निसर्गाने राखून ठेवलेले देवालय वाटली. मितान खिडकीतून पाहत होते. त्यांनी एकदाच विचारले, “महाप्रसाद, इथली माणसे कुठे गेली?” हा प्रश्न मराठी गृहस्थांना अरसिकपणाचा वाटला आणि त्यांनी त्याचे उत्तर दिले नाही.

तो अरसिक नव्हता. तोच प्रश्न जॉन्सनलाही पडला होता. वाढत्या खंडापायी कुळे अमेरिकेची वाट धरीत आहेत आणि प्रदेश ओस पडत आहे, याची चिंता त्याच्या पुस्तकात पुन्हापुन्हा येते. बॉस्वेलने २ ऑक्टोबर १७७३ रोजी स्काय बेटावरील आर्मडेल येथे एक नृत्य पाहिले. त्याचे नावच ‘अमेरिका’. एक जोडी फिरू लागते, मग दुसरी, मग तिसरी, आणि अखेरीस सारेच त्या गिरकीत ओढले जातात. देशांतराची लाट कशी पसरते याचे ते रूपक होते. पुढच्या शतकात माणसे स्वेच्छेने जाण्याची वाट पाहण्याचेही जमीनदारांनी सोडून दिले. मेंढ्यांपासून अधिक उत्पन्न होते. तेव्हा दऱ्याच्या दऱ्या रिकाम्या करण्यात आल्या. आज ज्या निर्जनतेचे प्रवासी कौतुक करतो, तिचा बराचसा भाग असा घडविलेला आहे.

मॅलेगहून बोटीने दोघे आर्मडेलला उतरले. दुसऱ्या दिवशी ब्रॉडफर्डजवळच्या मोडकळीस आलेल्या किल क्रिओस्द या चर्चपासून बोरेरेगच्या वाटेला लागले. ही वाट जुन्या संगमरवरी खाणींच्या अंगाने जाते. विसाव्या शतकाच्या आरंभी या खाणींतील दगड ब्रॉडफर्डच्या बंदरापर्यंत नेण्यासाठी लहानशी रेल्वे होती. तिच्या मार्गाचा उंचवटा अद्याप दिसतो. संगमरवर म्हणजे अखेर उष्णतेने आणि दाबाने पालटलेला चुनखडकच. नंदिनीच्या खाणीतून भिलाईच्या भट्टीत येणारा चुनखडक हयातभर पाहिलेल्या मराठी गृहस्थांना त्या पांढऱ्या ढिगाऱ्यांत आप्त भेटल्यासारखे झाले. त्या आनंदात त्यांची पावले झपाझप पडू लागली आणि मितान मागे राहिले.

लॉख आयशॉर्टचे निळे पाणी दिसताच त्यांनी मागे वळून हाक मारली. मितान खाली, उतारावरील एका पडक्या भिंतीपाशी बसले होते. मराठी गृहस्थ परत आले तेव्हा मितानांनी बोट दाखवून सांगावयास आरंभ केला. नेच्यांच्या तांबूस रानात मधूनच हिरवेगार तुकडे होते: “तिथे शेते होती. पिढ्यानपिढ्या खत घातल्याशिवाय गवताला असा रंग येत नाही.” जमिनीवर समांतर वरंबे होते: “हे माणसाने ओढलेले आहेत.” एका भिंतीत अरुंद दार, आत ओबडधोबड फरशी: “हा गुरांचा कोठा. आणि तिकडे चूल.” मराठी गृहस्थांनी त्याच जागेवरून नजर फिरविली होती, त्यांना दगड दिसले होते. आता त्याच दगडांतून गाव उभे राहू लागले.

बोरेरेग आणि शेजारचे सुइश्निश ही गावे लॉर्ड मॅक्डॉनल्ड यांच्या जहागिरीच्या विश्वस्तांनी १८५३ साली खाली करविली. सुइश्निशची माणसे वाटेला लागली तेव्हाचा आक्रोश आर्चिबाल्ड गायकी या भूगर्भशास्त्रज्ञाने ऐकला होता. त्या वर्षी तो अठराच्या आसपास होता. तरुणपणी तो स्कायला आला होता तो खडक पाहावयास. परंतु म्हातारपणी, १९०४ साली, आठवणी लिहिताना त्याने त्या मिरवणुकीलाही स्थान दिले.

भिंतीपाशी मितान पुढे जे बोलले ते तीस वर्षांत बोलले नव्हते. भारत आणि सोव्हिएत रशिया यांच्यात फेब्रुवारी १९५५ मध्ये करार झाला आणि भिलाईचे नाव नकाशावर मोठ्या अक्षरांत आले. आसपासच्या अनेक खेड्यांची जमीन त्यासाठी गेली. मितानांच्या वडिलांचे शिवार त्यांतलेच. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, त्या वेळी मितान जेमतेम नऊ वर्षांचे होते. पुढे त्यांना त्याच कारखान्यात नोकरी मिळाली, त्याच नोकरीवर मुलांची शिक्षणे झाली. “तक्रार कसली?” ते म्हणाले. “पण आमच्या गावी चूल कुठे होती ते मला ठाऊक आहे.”

या दोन घटना सारख्या नाहीत, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. एकीकडे जमीनदाराचे उत्पन्न वाढावे म्हणून माणसे हुसकली गेली. दुसरीकडे नवस्वतंत्र देशाला रूळ आणि पोलाद हवे होते, आणि उठलेल्यांपैकी काहींना तरी त्या उभारणीत भाकरी मिळाली. इतिहासाच्या तराजूत हा भेद मोठा आहे. परंतु चुलीच्या तराजूत तो किती भरतो, हे चूल ज्याची विझली त्यानेच सांगावयाचे असते. ज्याला कारखान्याने घर दिले आणि ज्याचे घर कारखान्याने घेतले, असे दोघे एका भिंतीच्या दोन बाजूंना तीस वर्षे सुखाने नांदले. ते सुख खोटे नव्हते. पण त्या सुखाला एक प्रश्न कधी विचारला गेला नव्हता. तो विचारला जाण्यासाठी इतक्या दूरचे, दुसऱ्याच कोणाचे पडके गाव लागले.

सौंदर्यदृष्टीला अंतर लागते, असे साहित्यशास्त्र सांगते. ते खरेच आहे. मात्र हे अंतर नेमके कशापासून घेतलेले आहे, हे एकट्याला सहसा कळत नाही. ते कळावे यासाठी शेजारी असा कोणी असावा लागतो, की ज्याला त्याच दृश्यात आपले काही हरवलेले दिसते. लॉख आयशॉर्टचे पाणी त्या दुपारी मुळीच कमी निळे झाले नाही. फक्त त्याच्या काठी माणसे आली.

भिलाईला परतल्यावर दोघांनी आणखी एक प्रवास केला. तो स्कूटरवरून, जेमतेम अर्ध्या तासाचा होता. निवृत्तांना गेटपासशिवाय आत जाता येत नाही; त्यामुळे कारखान्याच्या कुंपणभिंतीबाहेर ते थांबले. या वेळी मराठी गृहस्थ पुढे गेले नाहीत. मितानांनी भिंतीपलीकडच्या धुराड्यांच्या दिशेने हात केला: तळे साधारण तिथे, पिंपळ त्याच्या अलीकडे, घर पिंपळापासून चौथे. मराठी गृहस्थांनी गावाचे नाव विचारले. मितानांनी ते सांगितले. नीट उच्चारता यावे म्हणून त्यांनी ते पुन्हा एकदा विचारून घेतले.