भाकरीचे 15 गुण

येरमाळ्यात इंग्रजी वाचायला हवं तेवढं मिळतं. हायवेवरच्या पाट्या, खताच्या गोण्या, औषधाच्या स्ट्रिप, मोबाइल, सगळीकडे तीच. बोलायला मात्र माणूस मिळत नाही. माझं जनरल स्टोअर्स रस्त्याला लागूनच आहे, आणि दिवसभर गिऱ्हाइकाशी बोलताना इंग्रजीची गरज पडतेच असं नाही. आमच्या वेळी हा विषय पाचवीपासून होता. पहिलीपासून तो 2000 साली आला. काळ पाठ करून मी बारावी निघालो, पण समोरच्याला साधं ‘व्हॉट डू यू वॉन्ट?’ विचारायचं म्हटलं की घशाला कोरड पडायची.

मुलगी सातवीत, सेमीला. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. ‘फोटोसिंथेसिस’चं स्पेलिंग झोपेतून उठवून विचारलं तरी बिनचूक सांगेल, पण ‘मला कळलं नाही, परत सांगा’ एवढं इंग्रजीत म्हणायचं तर माझ्याकडे बघायची. आणि मी तिच्याकडे.

चैत्री पौर्णिमेला गावात येडेश्वरी देवीची यात्रा भरते. पालखी आमराईत येते, चुनखडी वेचायच्या प्रथेसाठी माणसांचा लोंढा लोटतो आणि गावातल्या प्रत्येक घरात पाहुण्यांचा राबता असतो. आमच्याकडे पुण्याहून ताई आली, तिचा मुलगा आला आणि त्याच्या बॅगेतून स्क्रॅबलचा डबा आला. दुपारच्या उन्हात बाहेर पडायची सोय नव्हती. त्याने ओसरीवर पट मांडला आणि अट घातली, ‘खेळताना इंग्लिशच बोलायचं, मामा.’

शंभर सोंगट्या. त्यातल्या दोन कोऱ्या, बाकीच्यांवर एकेक अक्षर आणि त्याचे गुण. प्रत्येकाने सात घ्यायच्या आणि पटावर शब्द जुळवायचे. ‘ई’ बारा असतात, त्यांना एकेकच गुण. ‘क्यू’ आणि ‘झेड’ एकेकच, त्यांना दहा. आल्फ्रेड बट्स नावाच्या अमेरिकन वास्तुविशारदाने 1930च्या दशकातल्या मंदीत, हाताला काम नसताना, वर्तमानपत्रातली अक्षरं मोजून हा हिशेब बसवला. माल कमी असला की भाव चढतो, हे दुकानदाराला वेगळं समजवावं लागत नाही. मी लगेच खेळात रमलो.

एकदा मुलीने ‘घी’ लावलं: जी, एच, ई, ई. भाच्याने डिक्शनरी काढली. शब्द निघाला. आठ गुण! त्या जोरावर तिने पुढे ‘भाकरी’ लावली. बीचे तीन, एचचे चार, एचा एक, केचे पाच, आर आणि आयचा एकेक, सगळे मिळून पंधरा.

‘दॅट्स नॉट अ वर्ड,’ भाचा म्हणाला.

‘व्हाय नॉट? यू ईट इट एव्हरी डे!’

आमच्या डिक्शनरीत तूप होतं, भाकरी नव्हती. गुण कापले गेले आणि ती फणफणत राहिली. मी मात्र तिच्या त्या वाक्याकडे बघत होतो. ते कुणी शिकवलं नव्हतं, ती मनात मराठीतून जुळवत बसली नव्हती. पंधरा गुण हातचे चालले होते, म्हणून ते तोंडातून निघालं.

पाहुणे गेले. डबा भाच्याने आमच्याकडेच ठेवला. पुढे बरेच दिवस खेळल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. पटावर लावलेले शब्द आठवड्यात निम्मे विसरायला होतात, पण पटाभोवती बोललेली वाक्यं राहतात. ‘युअर टर्न.’ ‘वेट, आय ॲम थिंकिंग.’ ‘आर यू शुअर?’ ‘हाऊ डू यू स्पेल इट?’ ‘कॅन आय चेंज माय लेटर्स?’ धड्यातलं वाक्य एकदा येतं आणि पान उलटलं की संपतं. हीच वाक्यं एका डावात वीस-पंचवीस वेळा येतात, आणि प्रत्येक वेळी समोर उत्तराची वाट बघणारा माणूस असतो.

मग दुकानातलाच ‘व्यापार’ खेळाचा डबा घरी नेला. तिथे गंमत सौद्याची. शहरं विकत घ्यायची, भाडं वसूल करायचं, अडचणीत आलं की गहाण टाकायचं. ‘इफ यू गिव्ह मी दिल्ली, आय विल गिव्ह यू टू कार्ड्स.’ ‘टू इज नॉट इनफ.’ व्याकरणाच्या पुस्तकात ‘इफ’ची वाक्यं मला कधी उमगली नव्हती, घासाघीस सुरू झाली तशी आपोआप यायला लागली. आणि ‘मॉर्गेज’ पाठ करायची गरजच पडली नाही. सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा असलेल्या घरात तो शब्द समजायला किती वेळ लागणार?

आई बघत बसायची. एक दिवस म्हणाली, ‘मला बी घ्या की रे. नुसतं बसून काय करू?’ तिला अक्षरओळख नाही, म्हणून ल्यूडो काढला. आपल्या पचिसीवरूनच इंग्रजांनी तो बेतला आणि 1896मध्ये पेटंट घेतलं. सोंगट्या खेळून वाढलेल्या आईला नियम सांगावेच लागले नाहीत. चार-सहा दिवसांत ती ‘नो चीटिंग’, ‘माय टर्न’, ‘गो बॅक’ ठणकावून म्हणायला लागली. नातीची सोंगटी मारली की ‘सॉरी’ही म्हणायची, अगदी आनंदाने. वाचता येत नसलं तरी बोलायचं अडत नाही, हे मला तिच्याकडे बघून कळलं.

आता सोलापूर, विजापूरकडून आलेली गाडी दुकानासमोर थांबली आणि कुणी इंग्रजीत रस्ता विचारला तर मी दुसऱ्या कुणाला हाक मारत नाही. ‘वेट, आय विल टेल यू,’ म्हणतो. वाक्य पटावरचंच. व्याकरण कधी लंगडतं, पण गाडी बरोबर रस्त्याला लागते.

गल्लीतले पालक विचारतात, असा खेळ आणला की पोरगं इंग्रजी बोलेल का? मी डबा हातात देण्याआधी सांगतो: घरातल्या एका मोठ्या माणसाने सोबत बसायचं. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पाच वाक्यं लिहून भिंतीला लावायची, ती तोंडात बसली की पुढची पाच. अडलं तर मराठीत विचारायचं, पण डाव इंग्रजीतच टाकायचा. आणि पोरांनी भांडण काढलं तर मिटवायला धावायचं नाही. भांडण इंग्रजीत चाललंय ना, एवढंच बघायचं.